मोत्याच्या डुलातील मुलगी रंगवताना

अनेक आशीर्वाद.

तैलरंगातील व्यक्तिचित्रण शिकण्यासाठी सतराव्या शतकातील डच चित्रकार व्हर्मीर याच्या ‘मोत्याचा डूल घातलेली मुलगी’ या चित्राची नक्कल करण्याचे तू ठरवलेस, ही निवड मला पसंत आहे. १६६५ च्या सुमारास रंगवलेले हे चित्र नेदरलँड्समधील द हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. संग्रहालयाने उपलब्ध करून दिलेली प्रतिमाच समोर ठेव, कारण बाजारातल्या पोस्टरांत सावलीतल्या तपकिरी छटा हमखास बुडून जातात. मूळ कॅनव्हास ४४.५ बाय ३९ सेंटीमीटर इतका लहान आहे. तुझाही तेवढाच असावा.

त्वचेचा रंग कालवण्याची घाई नको. व्हर्मीरने आधी तपकिरी आणि काळ्या रंगांत छायाप्रकाश मांडून घेतला होता. तूही बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून चेहऱ्याचे उजेडाचा आणि सावलीचा असे दोनच भाग पाड, डोळे किलकिले करून दुरून तपास, आणि तो थर वाळल्यावरच वरचे रंग लाव. वरच्या थरात जवसाचे तेल खालच्यापेक्षा जास्त हवे, नाहीतर पुढे रंगाला तडे जातात.

या चित्रात खरे शिकण्यासारखे आहे ते कडांमध्ये. नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल यांच्यामधली रेषा शोधून पाहा; ती सापडणार नाही. दोन्हींवर सारखाच उजेड असल्याने व्हर्मीरने ते एकमेकांत मिसळू दिले आहेत, आणि तरीही अलीकडच्या बाजूच्या सावलीमुळे नाक पुढे आलेले दिसते. नवशिका तिथे रेघ ओढतोच, कारण तो समोर दिसणारे नाक न काढता माहीत असलेले नाक काढतो. तिथे रंग ओला असतानाच कोरड्या, मऊ ब्रशने दोन्ही छटा एकमेकींत जिरव.

मोत्यातही तोच संयम आहे. वर पांढऱ्याचा एक जाड ठिपका, खाली कॉलरचे मंद प्रतिबिंब, बस्स. अडकवायची कडीसुद्धा त्याने रंगवलेली नाही. मोती अगदी शेवटी घे. (तो आधी उरकून फोटो पाठवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो.)

पार्श्वभूमी आज काळी दिसत असली, तरी मुळात तिथे हिरवा पडदा होता. काळ्यावर दिलेला वनस्पतिजन्य रंगांचा पारदर्शक हिरवा थर काळाच्या ओघात बदलून गेला. तूही वाळलेल्या काळ्यावर हिरव्याचा ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, दे, म्हणजे ती सपाट वाटणार नाही.

काम संपल्यावर कॅनव्हासच्या मागे ‘व्हर्मीरवरून’ असे लिहून तुझी सही आणि तारीख घाल, आणि वॉर्निशसाठी निदान सहा महिने थांब.