जुना पिकअप ट्रक ॲक्सिलरेटर दाबताच अडखळतो. कार्ब्युरेटर बदलावा का?

आज तरी बदलू नका. तुम्ही लिहिलंय की उभ्या गाडीत इंजिन छान चालतं, पण निघताना पाय दाबला की क्षणभर मान टाकतं आणि मग सुटतं. (पिकअपलाच पिकअप नाही!) यातलं 'क्षणभर' महत्त्वाचं. चढावर तीन-चार सेकंद ताण दिल्यावर दम जात असता, तर मी आधी पेट्रोलचा फिल्टर आणि पंप बघायला सांगितलं असतं. तुमचं दुखणं वेगळं आहे.

थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, एकदम उघडला की हवा लगेच आत घुसते. पेट्रोल जड, ते मागे राहतं. तेवढी उणीव भरायला कार्ब्युरेटरमध्ये (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागात) छोटा ॲक्सिलरेटर पंप असतो. इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा, एअर फिल्टर काढा, कार्ब्युरेटरच्या तोंडावरची चोकची पाती उघडी धरा आणि आत बघत हातानेच थ्रॉटलचा लिव्हर ओढा. लिव्हर हलला त्याच क्षणी पेट्रोलची सणसणीत धार यायला हवी. नुसते थेंब पडले किंवा लिव्हर अर्धा फिरल्यावर धार आली, तर पंपाचा डायफ्राम (लवचिक पडदा) किंवा रबरी वॉशर कडक झालाय, नाहीतर वाटेत कचरा आहे. पंपाचं दुरुस्तीचं किट बसवलं की काम होतं. आणि हे करताना जवळ विडी-सिगारेट नको, हे सांगायला नकोच.

धार चांगली असेल तर डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे स्पार्क वाटून देणाऱ्या भागाचं, झाकण काढा. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने स्पार्क थोडा आधी पाडणाऱ्या डबीची) नळी कार्ब्युरेटरकडून सोडवून तोंडाने ओढा आणि टोकाला जीभ लावून धरा. आतली प्लेट सरकून तिथेच थांबायला हवी. परत आली तर डायफ्राम फाटलाय.

माझ्या गाडीत तोही शाबूत होता. पंपाचं किट बदलून झालं, कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग बदललं, अडखळणं तसंच. शेवटी पॉइंटकडे (त्याच प्लेटवरच्या, उघडझाप करून स्पार्क पाडणाऱ्या स्विचकडे) जाणारी बारीक वायर सहज चिमटीत धरून ओढली, तर वरचं रबर च्युइंगगमसारखं लांबलं. आतल्या तारा तुटल्या होत्या. गाडी उभी असताना टोकं एकमेकांना टेकलेली. पाय दाबल्यावर प्लेट सरकली की ती सुटायची आणि स्पार्क जायचा. वीतभर वायर लागली. पंपाचा जुना डायफ्राम अजून डब्यात आहे, अगदी मऊ.