तुमचे प्रश्न : घरातलं आजारपण

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. अर्धांगवायूने डावी बाजू लुळी पडली, आता अंथरुणावरच असतात. हवेची गादी आणली तरी माकडहाडावर लालसर डाग उठलाय. सगळं मी एकटी करते, माझी कंबर धरली आहे. दिवसाची आया ठेवावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी डागावर बोट दाबून उचला. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तर वेळ हातात आहे. लाली हललीच नाही, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही. जागा गरम किंवा टणक लागते का ते चाचपा. तिथे तेल चोळू नका, आतल्या दुखावलेल्या रक्तवाहिन्या आणखी बिघडतात. रबरी रिंगही नको, तिच्या कडेच्या दाबाने मधला रक्तपुरवठा तुटतो. कातडी फुटली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

गादी असूनही डाग का? बहुतेक घरांत तिच्यावर गोधडी, रबरी शीट आणि ताणून खोचलेली चादर असते. मग खालच्या नळ्या फुगल्या काय, न फुगल्या काय! वर एकच सैल सुती चादर ठेवा. माकडहाडाच्या जागी गादीखालून हात सारून बघा, हात आणि अंग यांच्यात इंचभर हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागलं तर पंपाचा दाब वाढवा. वीज गेली की गादी बसते, म्हणून पंप इन्व्हर्टरवर घ्या. त्याला वीज जेमतेम लागते.

तरीही कूस बदलायची, साधारण दर २ तासांनी. पूर्ण कुशीवर नको, खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीशी उशी लावून ३० अंश कलवा. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राहू द्या. भरवण्यासाठी बसवलंत तर अर्ध्या तासाने पाठ खाली घ्या. तसंच राहिलं तर अंग घसरतं आणि माकडहाडावरची कातडी ओढली जाते.

कंबर धरते ती वाकून ओढल्याने. जुनी सुती साडी चौघडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घाला. पलीकडचा गुडघा दुमडा, पलीकडचा हात अलगद छातीवर ठेवा, मग साडीची पलीकडची कड धरून आपल्याकडे वळवा. लुळा हात धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो. पलंग तुमच्या कमरेइतका उंच हवा. रुग्णालयातल्यासारखी कॉट भाड्याने मिळते.

आया ठेवाच, पण परवडणार एकच पाळी असेल तर रात्रीची. माणूस मोडतं ते झोप न मिळाल्याने. आया पुरवणाऱ्या ब्युरोकडून कामं, सुट्टीच्या दिवशीची बदली आणि ओळखपत्राची प्रत लेखी घ्या. इंजेक्शन, लघवीची नळी बदलणं ही नर्सची कामं, आयाला सांगू नका. तोवर रात्री ११ आणि पहाटे ५ ची कूस घरातल्या पुरुषांनी बदलावी, त्याला कुठलं प्रशिक्षण लागत नाही. सत्तरीपुढच्यांच्या आयुष्मान वय वंदना कार्डाला उत्पन्नाची अट नाही. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार मिळतात. घरची आया आणि डायपर मात्र त्यात बसत नाहीत.

प्रश्न : वडिलांनी फ्लॅट मोठ्या भावाला बक्षीसपत्राने दिला. आता तो त्यांच्याकडे बघत नाही. काय करता येईल?

उत्तर : दस्तात सांभाळण्याची अट आहे का ते आधी वाचा. असेल तर आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली तो दस्त या कायद्याच्या न्यायाधिकरणाकडे रद्द करून मागता येतो. निर्वाह भत्त्याचा अर्जही वडिलांनी त्याच न्यायाधिकरणाकडे, म्हणजे प्रांत कार्यालयात करावा. ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन १४५६७.