साखर २५ला पोचली, तरी शिराझ सपक का निघाली?

निलंग्याकडच्या दादांनी विचारलंय: शिराझची (लाल वाइनचं द्राक्ष) तीच बाग, छाटणी त्याच आठवड्यात, यीस्टही तेच, तरी मागच्या हंगामाची वाइन भरदार आणि यंदाची सपक, अल्कोहोल चढं, सहा महिन्यांत रंग विटकरी. वाचताक्षणी ओळखलं, आम्हीही यातून गेलोय. यीस्ट बदलून काही होणार नाही. ही करामत फेब्रुवारीच्या उन्हाची आहे.

युरोपात द्राक्ष पिकतं ते थंडीकडे जाताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडे उलटं. ऑक्टोबर छाटणीचा माल डिसेंबरच्या थंडीत वाढतो आणि पिकतो चढत्या उन्हात. रात्री गार असतील तोवर आंबटपणा टिकतो. पारा चढला, रात्रीही उबदार झाल्या, की मण्यातलं मॅलिक आम्ल भराभर खर्ची पडतं. युरोपात २००३च्या उन्हाळ्यात हेच झालं होतं आणि तिथे आम्ल घालायला खास परवानगी द्यावी लागली होती.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक: फक्त रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायचं यंत्र) बघून तोडणी ठरवणं. दोन दिवसांत साखर दीड-दोन ब्रिक्सने (१ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण १ ग्रॅम साखर) वाढली की माणूस खूश होतो, पण ते पिकणं नसतं, बऱ्याचदा मणी सुकत असतो. ओळखायचं कसं? दर वेळी १०० मणी मोजून वजन करा. समजा सोमवारी १०० मणी १३० ग्रॅम भरले आणि साखर २२ होती, म्हणजे साखर झाली २८.६ ग्रॅम. शुक्रवारी वजन ११५ आणि साखर २४.५. हिशेब करा, २८.२ ग्रॅम. वेलीने नवी साखर काहीच घातली नाही, नुसतं पाणी उडालं. आणि त्या चार दिवसांत पीएच (हा आकडा चढला म्हणजे आंबटपणा उतरला) ३.५वरून ३.८वर गेलेला असू शकतो. थांबून मिळालं काय? जादा अल्कोहोल, बस्स.

नमुना घेताना ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे-खालचे मणी घ्या. उन्हाकडचे टपोरे तेवढे तोडले तर आकडा फसवा येतो. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरू लागल्यावर, दर तीन दिवसांनी बघा, २१ ब्रिक्सनंतर रोज. पीएच मीटर ४ आणि ७च्या बफरवर (ठरावीक पीएचचं द्रावण) लावून घेतल्याशिवाय वापरू नका.

रंग विटकरी का झाला, त्याचं उत्तरही पीएचमध्येच आहे. पीएच ३.४ असताना साधारण ३० पीपीएम मोकळा सल्फर डायऑक्साइड वाइनला हवेपासून जपायचं जे काम करतो, त्याला ३.८वर ८०च्या आसपास लागतो. तुम्ही मागच्या हंगामाइतकाच केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, सल्फर डायऑक्साइड देणारी पूड) टाकला असणार. प्रमाण जुनं, वाइन मात्र वेगळी, म्हणून हवा लागली.

इथे थोडं मनातलं बोलतो. आमचा माल घेणाऱ्या कार्यालयात भाव ठरायचा निव्वळ साखरेवर. करारात पीएचचा रकाना घाला म्हणून किती वेळा विनवलं, “शेतकऱ्याला ते कळत नाही” हेच उत्तर. मग शेतकरी थांबणारच, माल सुकवणारच, आणि वाइन बिघडली की बोट पुन्हा त्याच्याकडेच. तुमचा करार असेल तर सही करण्याआधी हे बघून घ्याच.

दुसरं, खायच्या द्राक्षाचं वेळापत्रक वाइनच्या बागेत चालवू नका. गोडीसाठी शेवटी शेवटी ०:०:५० हे पोटॅशचं खत देण्याची आपल्याकडे सवयच आहे. जादा पोटॅश रसात उतरतं आणि पीएच चढवतं. आधी देठ परीक्षण (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासणं) करा, कमतरता दिसली तरच द्या. काळ्या भारी जमिनीत परतीचा पाऊस मुरलेला असेल तर वेल माजते, घड सावलीत राहतात, तिथेही पीएच असाच चढतो. म्हणून पाऊसकाळ चांगला झाला की वाइन चांगली होणार, हे मला पटत नाही. लाल वाइनला मुरमाड रान आणि थोडा ताण बरा.

पण ताण म्हणजे पाणी तोडणं नव्हे. उन्हाचा चटका सुरू झाला की रात्री ठिबकने हलकं पाणी चालू ठेवा. दक्षिणोत्तर ओळी असतील तर पानं पूर्वेचीच काढा, पश्चिमेची राहू द्या. छाटणी सप्टेंबरमध्ये ओढली तर माल गारव्यात पिकतो, पण फुलोरा परतीच्या पावसात सापडून डाऊनी (केवडा रोग) आणि गळीचा धोका वाढतो. मी सप्टेंबरअखेर पसंत करेन. तुमचा खुंट (ज्या मुळावर कलम केलंय ते), पाण्याचा क्षार मला माहीत नाही, त्यामुळे हा शब्द अंतिम धरू नका.

पुढच्या हंगामात पीएच चढलाच तर टार्टारिक आम्ल आंबवण्याआधी रसात घाला. लिटरला १ ग्रॅमने पीएच ढोबळमानाने ०.१ उतरतो, पोटॅश जास्त असेल तर कमी. आधी एका लिटरवर करून बघा, मगच टाकीत. यंदाच्या वाइनचा पीएच आणि मोकळा सल्फर मोजून इथे लिहा, म्हणजे केएमएस किती वाढवायचा ते सांगता येईल. तोवर टाकी काठोकाठ भरून ठेवा.