वाचकांचे प्रश्न : माओच्या बंदरात चार दिवस

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त असून शिवडीला राहतो. माझी सारी नोकरी मुंबईच्या गोदीत झाली. सप्टेंबरमध्ये मुलीकडे बार्सिलोनाला जाणार आहोत. तिथून स्पेनच्याच मेनोर्का बेटावरच्या माओ या बंदराच्या गावी चार दिवस जाण्याचा विचार आहे. मुलगी म्हणते, तिथे समुद्रस्नानाखेरीज काही नाही. आम्हाला पोहता येत नाही, गाडी चालवायची नाही आणि पत्नी शाकाहारी आहे. तरीही जावे का? — एक वाचक, शिवडी

उत्तर : अवश्य जावे, आणि मुक्काम माओतच ठेवावा. आपली हयात गोदीत गेली असल्यामुळे हे गाव इतर पर्यटकांपेक्षा आपल्याला अधिक कळेल, असे मला मनापासून वाटते. कारण इथे पाहण्याची मुख्य गोष्ट खुद्द बंदर हीच आहे. समुद्राचा पाच किलोमीटरहून लांब, खोल पाण्याचा फाटा जमिनीत शिरला आहे आणि त्याच्या आतल्या टोकाकडे, कड्यावर, गाव वसले आहे. अशा जागेवर आरमारी सत्तांचा डोळा नसता तरच नवल. इंग्रजांनी १७०८ मध्ये बेट घेतले, १७१३ च्या तहात ते रीतसर पदरात पाडून घेतले आणि १७२२ मध्ये राजधानी पश्चिमेच्या सिउतादेयाहून माओला आणली. पुढे अनेकदा हातबदल होऊन १८०२ मध्ये ते कायमचे स्पेनकडे गेले. आंदण म्हणून इंग्रजांच्या हाती गेलेल्या मुंबईत राहणाऱ्याला ही कथा परकी वाटणार नाही. पाव, बटाटा, पगार हे पोर्तुगीज शब्द जसे आपल्या तोंडी रुळले, तसेच बाहेर आलेल्या काचेच्या खिडकीला माओचे लोक ‘बोइंदर’ म्हणतात. तो इंग्रजी ‘बो विंडो’चाच अवतार आहे.

म्हणून जाताना तरी विमान टाळून बार्सिलोनाहून रात्रीची फेरीबोट घ्यावी आणि सकाळी बोट बंदरात शिरण्याआधीच डेकवर येऊन उभे राहावे. उजव्या हाताला प्रथम ला मोलाचा एकोणिसाव्या शतकातला अवाढव्य किल्ला लागतो, मग लाझारेतो हे जुने विलगीकरणाचे ठाणे आणि त्यानंतर राजाचे बेट. प्रवास स्पेनमधल्या स्पेनमध्येच असल्याने बार्सिलोनासाठी घेतलेला शेंगेन व्हिसा पुरतो.

लाझारेतो मात्र नुसते बोटीवरून पाहून सोडू नये. साथीच्या प्रदेशातून आलेली जहाजे, माणसे आणि माल वेगळे ठेवण्यासाठी बांधलेले हे ठाणे १८१७ ते १९१७ अशी शंभर वर्षे चालले. रोग हवेतून पसरतो अशी त्या काळची समजूत होती, त्यामुळे आतल्या विभागांमध्ये उंचच उंच भिंती घातल्या आहेत. त्या भिंतींमधल्या अरुंद वाटेने चालताना वर फक्त आभाळाची पट्टी दिसते आणि बंदर इतके जवळ असूनही पाण्याचा मागमूस लागत नाही. १८९६ च्या प्लेगच्या आठवणी घराघरांतून ऐकलेल्या मुंबईकराने इथे थोडा वेळ थांबावे. राजाच्या बेटावर इंग्रजांनी १७११ मध्ये आपल्या नौसैनिकांसाठी रुग्णालय उभारले होते. ती इमारत विसाव्या शतकात ओस पडली होती. स्थानिक स्वयंसेवकांनी स्वतः खपून ती सावरली, आणि २०२१ पासून बेटावर एक कलादालनही आहे. दोन्हीकडे जाणाऱ्या बोटींच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून धक्क्यावर पोहोचताच पहिली चौकशी त्यांचीच करावी.

धक्क्यावरून गावात चढण्यास पायऱ्या आहेत आणि लिफ्टही आहे. वर सांता मारिया चर्चमध्ये १८१० चा ऑर्गन आहे, ज्याला तीन हजारांहून अधिक नळ्या आहेत. उन्हाळी हंगामात तिथे सकाळी छोटे वादन होते. ते ऐकण्यासाठी एक सकाळ राखून ठेवावी. जवळच एका जुन्या मठाच्या ओवऱ्यांत बाजार भरतो. तिथे माओचे चीज घ्यावे. कापडात बांधून दाबल्यामुळे त्याची वडी चौकोनी आणि गोलसर कडांची होते, वरून तेल व लाल मिरचीपूड चोळल्यामुळे साल नारिंगी दिसते, आणि जितके मुरेल तितके ते खारट व ठिसूळ होत जाते. विक्रेत्याकडून कोवळे आणि मुरलेले असे दोन्ही चाखून मगच ठरवावे.

पत्नींसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. एन्साइमादा नावाची गोल वळ्यांची गोड पाव-मिठाई जागोजागी दिसेल, पण तिच्या नावातच डुकराची चरबी आहे; ‘साइम’ म्हणजे तीच. ती शाकाहारी समजून खाऊ नये. त्याऐवजी ‘ओलियाइग्वा’ मागवावे. टोमॅटो, ढोबळी मिरची, कांदा, लसूण आणि तेल यांचे हे गरिबाघरचे सार पावाबरोबर, हंगामात अंजिरांबरोबर, खातात.

गावाबाहेर थोड्या अंतरावर त्रेपुको येथे उभ्या शिळेवर आडवी शिळा ठेवलेले प्रागैतिहासिक स्मारक आहे. बेटावरची अशी स्थळे २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. एखादा दिवस उरला, तर बसने ४५ किलोमीटरवरच्या सिउतादेयाला जाऊन संध्याकाळी परत येता येते.

तारखा ठरवताना ७ ते ९ सप्टेंबर हे दिवस ध्यानात घ्यावेत. तेव्हा गावाचा उत्सव असतो. स्वार घोड्यांना गर्दीत मागच्या पायांवर उभे करतात आणि लोक त्यांच्याखाली हात उंचावून धावतात. दृश्य विलक्षण असते, परंतु आपल्या वयाला त्या रेटारेटीत उतरणे बरे नव्हे. पाहायचेच असेल, तर चौकाच्या कडेची खोली फार आधी राखून ठेवावी. नाहीतर उत्सव आटोपल्यावर, १० तारखेनंतर जावे.