अंगावर बाळगण्यासाठी .३२ बोरचे कोणते शस्त्र घ्यावे: धर्माबादच्या एका मिरची व्यापाऱ्यास उत्तर

आपली धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीची आडत आहे, हंगामात रोकड घेऊन बँकेत आणि अधूनमधून निजामाबादलाही जावे लागते, आणि शस्त्रपरवाना नुकताच हाती आला आहे. उन्हाळ्यातल्या पातळ सुती शर्टाखाली दिसणार नाही, पण वेळेला दगाही देणार नाही असे छोटे शस्त्र कोणते, आणि विक्रेता दाखवत असलेले जुने परदेशी पिस्तूल काही लाख मोजून घ्यावे का, असे आपण विचारले आहे. मी परभणीकडचा. चोवीस वर्षांपासून परवाना आहे, आधी पिस्तूल होते आणि आता रिव्हॉल्वर आहे. म्हणून दोन्ही बाजू जवळून पाहून लिहितो आहे.

परदेशी चित्रफिती पाहून ग्लॉक १९ किंवा सिग पी३६५ यांची आपण जी तुलना केली आहे, ती येथे उपयोगाची नाही. ही दोन्ही ९ मिलिमीटरची पिस्तुले असून आपल्याकडे तो बोर (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) प्रतिबंधित आहे. सामान्य परवान्यावर हातात धरायच्या शस्त्रांत प्रामुख्याने .३२ आणि .२२ एवढेच बोर उरतात. झाकून बाळगणे हीदेखील आपल्या मर्जीची गोष्ट नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्ये किंवा तत्सम आवरणात, पूर्णपणे झाकलेले आणि आपल्या ताब्यात राहील अशाच रीतीने न्यावे लागते. कमरेला उघडे पिस्तूल लावून लग्नकार्यात मिरवणाऱ्यांमुळे आपल्या भागात परवान्यांची काय शोभा झाली, ते बीडमध्ये २०२५ साली झालेल्या फेरतपासणीत आणि रद्द झालेल्या परवान्यांत सर्वांनी पाहिले आहे. आणखी एक गोष्ट आधीच पाहून घ्यावी: परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे? नुसत्या महाराष्ट्रापुरता असेल, तर बासरला सरस्वतीच्या दर्शनाला जाताना हद्द ओलांडली की आपण तेलंगणात विनापरवाना शस्त्र बाळगत असता. निजामाबादचीही गोष्ट वेगळी नाही.

आता त्या जुन्या पिस्तुलाविषयी. सामान्य परवानाधारकासाठी परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बंद आहे, त्यामुळे त्याआधी आलेली वॉल्थर, वेब्ली किंवा कोल्ट हीच आजवर हातोहात फिरत राहिली आहेत. किंमत चढते ती दुर्मीळतेची, विश्वासार्हतेची नव्हे. वॉल्थर पीपीके हे १९३१ पासूनचे उत्तम पिस्तूल आहे, यात वाद नाही. पण आपल्यासमोरचा नमुना किती हातांतून गेला, मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) मूळचे आहे की कोणी पत्रा वाकवून बनवलेले, स्प्रिंग कधी बदलली, हे विक्रेत्यालाही सांगता येत नाही. सुटा भाग मोडला तर तो मिळणार कुठून? संग्रह करायचा असेल तर अवश्य घ्यावे. रोजच्या कमरेसाठी मी घेणार नाही.

पिस्तूल की रिव्हॉल्वर, हा खरा निर्णय आहे, आणि तो काडतुसापासून सुरू होतो. .३२ पिस्तुलाचे काडतूस जॉन ब्राउनिंग या अमेरिकन शस्त्ररचनाकाराने १८९९ च्या सुमारास रचले. त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित रुंद असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, अर्ध्यावर थांबते. म्हणून प्रत्येक काडतूस खालच्याच्या कडेपुढे सरकवून बसवावे लागते. रिव्हॉल्वरचे .३२ काडतूस वेगळे आणि लांब असते. दोन्हींवर .३२ लिहिलेले असले तरी पिस्तुलाचे काडतूस रिव्हॉल्वरमध्ये घालू नये. काही रिव्हॉल्वरांत ते बसते खरे, पण त्याचा दाब अधिक असतो. ही चूक दुकानाच्या काउंटरवर होताना मी पाहिली आहे.

माझ्या पिस्तुलाने मला सोडले ते मे महिन्यात. त्या काळात माझे दिवस जिनिंगमध्ये आणि शेतावरच्या आखाड्यावर जात. रेंजवर सरावाला उभा राहिलो आणि तिसऱ्या गोळीला स्लाइड अडकली. उघडून पाहिले तर मॅगझिनच्या ओठांशी सरकीच्या कापसाचा बारीक पिंजर, घामात घट्ट झालेल्या तेलाला चिकटून गोळा झालेला होता, आणि मुठीच्या पट्टीखाली तांबूस गंजाची रेघ होती. आपल्याकडे कापसाऐवजी मिरचीची धूळ आहे. ती अधिक बारीक असते. शिवाय हाताला लागलेली मिरची डोळ्याला लागते, तेव्हा शस्त्र साफ करण्याआधी आणि नंतरही हात धुवावेत.

पिस्तूल अडकले की स्लाइड ओढायला दुसरा हात लागतो, आणि आपल्या दुसऱ्या हातात रोकडीची पिशवी असणार. रिव्हॉल्वरमध्ये एखादे काडतूस फुटले नाही, तर पुन्हा चाप ओढला की फिरत्या चक्रातले पुढचे घर समोर येते. (सरावात मात्र असे झाल्यास नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबावे, बार उशिरा उडू शकतो.) एवढ्या कारणावर माझे मत रिव्हॉल्वरच्या बाजूने आहे.

त्यातही निवड फार मोठी नाही. कानपूरच्या शस्त्रकारखान्याचे .३२ ‘मार्क ३’ हे रिव्हॉल्वर मधोमध मोडून उघडणारे आहे. सहा गोळ्यांचे, ओबडधोबड, परंतु दुरुस्ती करणारा कारागीर सापडतो. २०१४ चे निर्भीक त्याच घडणीचे, टायटॅनियम मिश्रधातूचे आणि हलके आहे. हलके शस्त्र बाळगायला सोपे जाते, पण झाडताना हाताला जास्त झटका देते. २०२३ मध्ये आलेल्या प्रबळचे चक्र बाजूला उघडते, नळी ७६ मिलिमीटरची आणि वजन रिकामे असताना सुमारे ७०० ग्रॅम आहे. भरणे-रिकामे करणे त्यात अधिक सुटसुटीत होते, आणि आज मला नवे घ्यायचे असते तर मी तेच घेतले असते. .२२ चे निडर खिशात मावते; पण .२२ च्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि न फुटण्याचे प्रमाण तुलनेने अधिक असते, म्हणून ज्यावर भरवसा ठेवायचा त्या शस्त्रासाठी तो बोर मला पटत नाही.

दुकानात शस्त्र रिकामे असल्याची खात्री स्वतः करून घ्यावी आणि मगच तपासावे. घोडा मागे ओढून चक्र हलवून पाहावे. किंचित खेळ चालतो, डुगडुगणे चालत नाही. मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्वरची खिटी बंद केल्यावर नळी आणि मूठ यांत किणकिण जाणवू नये. चाप जड असतोच. तो एकाच बोटाने, नळी न हलू देता पूर्ण ओढता येतो का, ते दहा वेळा करून पाहावे. येत नसेल तर ते शस्त्र कितीही चांगले असो, आपले नव्हे.

होल्स्टरवर मात्र कंजुषी करू नये. चाप पूर्ण झाकणारे, कमरपट्ट्याला घट्ट बसणारे आणि पट्टा जाडजूड असलेले घ्यावे; सातशे ग्रॅमचे वजन साध्या पट्ट्यावर दुपारपर्यंत खाली लोंबते आणि शर्टाखाली चक्राचा फुगवटा चुगली करतो. चामड्याच्या होल्स्टरमध्ये काडतुसे महिनोन्महिने राहिली, तर पितळेच्या भांड्यात ताक कळकावे तसा त्यांच्यावर हिरवट थर चढतो. माझ्या होल्स्टरवर मे महिन्यात घामाच्या मिठाची पांढरी रेघ उमटते, म्हणून त्या दिवसांत मी शस्त्र रोज रात्री बाहेर काढून, कोरड्या कापडाने पुसून, कुलपाच्या कपाटात ठेवतो.

अंगावर लावण्याआधी आपल्या परवान्यावर मिळणाऱ्या काडतुसांपैकी निदान पंचवीस, जी पुढे वापरायची त्याच खोक्यातली, रेंजवर झाडून पाहावीत. नंतर दरवर्षी चक्रातली सहा काडतुसे सरावात संपवून नवी भरावीत. मी ते खंडेनवमीच्या आधी उरकतो. त्या दिवशी शस्त्र रिकामे करून पाटावर ठेवावे, हळदकुंकू पाटावरच वाहावे, आणि घरच्यांनी मुठीला बोट लावलेच तर त्याच संध्याकाळी तेलाच्या फडक्याने पुसून घ्यावे, कारण ओल्या कुंकवाखाली लोखंड फार लवकर गंजते.