निवडणुकीचं ॲनिमेशन करताना

फोंडा

अनेक आशीर्वाद.

लोकसभा निवडणूक समजावणाऱ्या व्हिडिओचा तुझा आराखडा वाचला. तीन मिनिटांत आचारसंहिता, उमेदवारी अर्ज, मतदान, मोजणी, सरकार स्थापना असं सगळंच कोंबलं आहेस. यातलं निम्म्याहून जास्त काढून टाक. बघणाऱ्याला एकच जाणून घ्यायचं असतं: मी बटण दाबलं, पुढे माझ्या मताचं काय झालं? त्या मताच्या मागोमाग जा. बाकीचं वाटेत लागलं तरच दाखव.

गोव्यातून निघालीस तर ही वाट सोपी आहे. उत्तर आणि दक्षिण असे लोकसभेचे दोनच मतदारसंघ, प्रत्येकात विधानसभेचे २०. साखळीतलं मत विधानसभेला साखळीचा आमदार ठरवतं, लोकसभेला ते उत्तर गोव्याच्या बेरजेत जातं. इथे जरा थांब, कारण आपण थेट पंतप्रधानालाच मत दिलं असं कितीतरी जण धरून चालतात. आपण खासदार निवडतो. ५४३ पैकी किमान २७२ ज्यांच्या बाजूने, त्यांचं सरकार. हे सांगायला देशाचा नकाशा रंगवू नकोस. नकाशावर लडाख केवढं तरी पसरलेलं दिसतं आणि जागा एक. गोवा मोबाइलवर शोधावा लागतो आणि जागा दोन. सरळ ५४३ ठिपके मांड, त्यातले आपले दोन ठळक कर.

मतदान केंद्राचं दृश्य मात्र पुन्हा कर. तुझा मतदार येतो आणि थेट बटण दाबतो. तसं होत नाही. आधी मतदान अधिकारी त्याच्याकडच्या कंट्रोल युनिटवरचं बॅलटचं बटण दाबतो, तेव्हा मतदारापुढचं बॅलट युनिट एका मतापुरतं खुलं होतं. मग मतदार निळं बटण दाबतो, शेजारी लाल दिवा लागतो आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे अनुक्रमांक, नाव, निशाणी असलेली चिठ्ठी ७ सेकंद दिसून आत पडते. ते ७ सेकंद पूर्ण दे. संगीत नको, निवेदन नको. मशीनबद्दल ज्याच्या मनात शंका आहे तो माणूस हाच भाग डोळे लावून बघणार आहे. २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत सगळ्या ४० मतदारसंघांत व्हीव्हीपॅट वापरणारं गोवा पहिलं राज्य, त्यामुळे इथल्या माणसाला चूक लगेच दिसेल. पुढे मोजणीत प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मशीनच्या आकड्याशी ताडून बघतात, म्हणजे एकट्या उत्तर गोव्यात १०० केंद्रांच्या. हा आकडा जरूर घे.

मला सगळ्यात जास्त काळजी निशाण्यांची वाटते. शाई लावलेलं बोट दाखवताना पंजा उघडा काढू नकोस, बाकीची बोटं मिटलेली ठेव. देवळाच्या तळीत कमळ नको, शाळेच्या भिंतीवर घड्याळ नको. माडांना नारळ लगडलेत. नारळ ही गोवा फॉरवर्डची निशाणी, तेव्हा माड राहू देत, नारळ पूस. आपल्याकडे हे फार जुनं आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल होतं आणि संघप्रदेश राहण्याला दोन पानं. त्या दोन चित्रांवरून घराघरांत वाद झाले, म्हणून कोपऱ्यातली वेलबुट्टीसुद्धा काढून टाक. रंगांतही भगवा, हिरवा, निळा टाळ. चिऱ्याचा तांबडा आणि चुन्याचा पांढरा पुरे. हा व्हिडिओ अमक्या पक्षाचा, असं एकदा कुणाला वाटलं की पुढचं एक अक्षर तो ऐकत नाही, आणि मग तुझी सगळी मेहनत त्याच्यापुरती फुकट.

अक्षरं मोठी ठेव. कदंब बसमध्ये उभ्याने, आवाज बंद करून बघणारेच जास्त असतील.

चित्रं काढण्याआधी संहिता सत्तरीतल्या एखाद्या आजीला वाचून दाखव आणि तिला ती परत सांगायला लाव. ती अडखळेल तिथे वाक्य बदल, तिला समजावत बसू नकोस. मग तुझ्याच आवाजात कच्चं रेकॉर्डिंग करून मला पाठव. मिनिटाला सव्वाशेच्या वर शब्द जात असतील तर आणखी काटछाट करू.