ब्रेक्झिटच्या प्रचारातला 'आठवड्याला ३५ कोटी पौंड' हा आकडा खोटा होता का?
हवेतला नव्हता, पण अर्धवट होता. २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघात राहावं की नाही यावर सार्वमत झालं, तेव्हा ब्रेक्झिटवाल्यांच्या, म्हणजे 'बाहेर पडू या' म्हणणाऱ्यांच्या, लाल बसवर लिहिलं होतं: युरोपीय संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो, ते आरोग्यसेवेला देऊ. गोम अशी की तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी १९८४ साली भांडून मिळवलेली वर्गणीतली सूट आधीच वजा व्हायची, त्यामुळे एवढी रक्कम कधी जातच नव्हती. शेतीची अनुदानं वगैरे परत यायची ती वेगळीच. ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने भर प्रचारात याला दिशाभूल म्हटलं, तरी बस फिरतच राहिली!

'राहू या'वालेही काही धुतल्या तांदळाचे नव्हते. बाहेर पडलो तर करवाढ आणि कपात मिळून ३० अब्ज पौंडांचा तातडीचा अर्थसंकल्प आणावा लागेल, अशी भीती अर्थमंत्री ऑस्बर्न घालत होते. निकाल बाहेर पडण्याच्या बाजूने लागला; तो अर्थसंकल्प काही आला नाही.